वंगण आणि घर्षण

शिवाजीनगर म्हटले की पुणेकराच्या डोळ्यांपुढे रेल्वेचे स्टेशन उभे राहते. बंगळूरच्या माणसाला मात्र या नावाने आठवतो तो रसेल मार्केटचा गजबजाट, सेंट मेरीच्या देवालयाचा उंच मनोरा आणि आसपासच्या गल्ल्यांतून मांडलेले मोटारींचे सुटे भाग. ज्या शहरावर १६३८ नंतर शहाजीराजांची जहागीर होती आणि जे १६८७ साली भोसल्यांच्या हातून कायमचे गेले, त्या शहरातील ही वस्ती. शिवरायांचे नाव तिला पुष्कळ उशिरा मिळाले. १८०९ साली इंग्रजांनी उभारलेल्या लष्करी छावणीचा हा भाग पूर्वी ब्लॅकपल्ली म्हणून ओळखला जाई. कोल्हापूरच्या माणसाला येथे आणखी एक गंमत आढळेल. त्याच्या गावी गुजरी म्हणजे सोन्याचांदीची पेठ. येथेही गुजरी आहे; परंतु कानडीत त्या शब्दाचा अर्थ भंगार असा होतो, आणि येथल्या गुजरीत मोडीत निघालेल्या मोटारींचे इंजिन, दरवाजे, दिवे आणि आस वेगवेगळे करून विकले जातात.

या गुजरीतून एखादा मनुष्य आपल्या जीपगाडीसाठी मागचा आस विकत घेतो. विक्रेता सांगतो की, हा साधा नव्हे, ‘लिमिटेड स्लिप’चा आहे, चिखलात अडकणार नाही. आस गाडीला जोडला जातो. शेवटी कारागीर विचारतो की तेल कोणते घालावे. आणि गिऱ्हाईक सवयीने उत्तर देते, ‘नव्वद नंबर घाला.’ मोटारीचे मोठे नुकसान व्हावयाचे असेल तर ते बहुधा या दोन शब्दांतून होते. नव्वद नंबर हे उत्तर चुकीचे आहे असे नाही. ते अपुरे आहे, आणि त्याचा अपुरेपणा कळण्यासाठी आसाच्या पोटात काय चालते हे पाहावे लागेल.

बैलगाडीची दोन्ही चाके आसावर सुटी फिरतात. बैल जू ओढतात, चाके मागून आपापल्या गतीने येतात, आणि वळणावर बाहेरचे चाक जास्त फिरले तरी कोणाची तक्रार नसते. मोटारीची गोष्ट निराळी. तेथे जोर चाकांतूनच जमिनीला लावावयाचा असतो आणि तो दोन्ही चाकांत वाटून द्यावा लागतो. मागच्या दोन चाकांत १.४ मीटर अंतर असेल तर काटकोनातील प्रत्येक वळणात बाहेरचे चाक आतल्या चाकापेक्षा सुमारे २.२ मीटर अधिक चालते, म्हणजे टायरच्या एका पूर्ण फेऱ्याहूनही थोडे अधिक. वळण लहान असो वा प्रशस्त, हा आकडा बदलत नाही. भूमितीचा नियमच तसा आहे. रसेल मार्केटला एक प्रदक्षिणा घालणारी मोटार चार कोपऱ्यांवर मिळून जवळजवळ नऊ मीटरांचा हा फरक पचविते. तो पचविणारे यंत्र म्हणजे डिफरन्शियल. १८२८ साली ओनेसिफोर पेकर या फ्रेंच यंत्रज्ञाने आपल्या वाफेच्या गाडीसाठी त्याचे पेटंट घेतले, आणि मूळ कल्पना आजही तीच आहे.

या यंत्रात एक उणीव आहे, आणि ती त्याच्या न्यायबुद्धीतूनच आली आहे. ते दोन्ही चाकांना जोर सारखाच देते. एक चाक चिखलात गेले की त्याला फिरावयास जोर जवळजवळ लागतच नाही. मग कोरड्या जमिनीवरच्या दुसऱ्या चाकालाही तेवढाच, म्हणजे नाममात्र, जोर मिळतो. चिखलातले चाक गरगर फिरते, कोरडे चाक स्वस्थ उभे राहते, आणि गाडी जागची हलत नाही. १९३० नंतरच्या दशकात जर्मनीच्या ऑटो युनियन कंपनीच्या शर्यतीच्या मोटारींना ही अडचण कोरड्या रस्त्यावरसुद्धा आली. त्यांच्या इंजिनाचा जोर इतका की भर वेगातही एक चाक नुसतेच फिरत राही. १९३५ साली फर्डिनांड पोर्शे यांनी झेडएफ या कारखान्याकडून घसरण मर्यादेत ठेवणारे डिफरन्शियल करवून घेतले. १९५६ साली अमेरिकेतील पॅकार्ड कंपनीने ते सर्वसामान्य गिऱ्हाइकाच्या मोटारीत आणले.

त्याच्या सर्वांत प्रचलित प्रकारात आसाच्या पोटात पातळ चकत्यांची एक चवड असते. एक चकती पेटीशी जखडलेली, तिच्या शेजारची चाकाकडच्या दंतचक्राशी, पुन्हा एक पेटीशी, अशी त्यांची मांडणी. स्प्रिंगांच्या आणि दंतचक्रांच्या दाबाने या चकत्या एकमेकींना घट्ट धरतात. एक चाक उधळू लागले की चकत्यांमधले घर्षण त्याला आवरते आणि जोर दुसऱ्या चाकाकडे जातो. साध्या वळणावर मात्र याच चकत्यांनी एकमेकींवरून सरकावयाचे असते, अन्यथा ते २.२ मीटर कोठे जाणार? धरावयाचे केव्हा आणि सोडावयाचे केव्हा, हे चकत्यांना सांगणारा कोणी मध्यस्थ नाही. त्या दोहोंच्या मध्ये असते ते केवळ तेल.

येथे तेलावर दोन परस्परविरुद्ध कामे येऊन पडतात. त्याच पेटीत क्राऊन आणि पिनियन ही मुख्य दंतचक्रे तेलात बुडून फिरत असतात. आजच्या बहुतेक मागच्या आसांत ती हायपॉइड पद्धतीची असतात, म्हणजे पिनियनचा अक्ष क्राऊनच्या मध्याखालून जातो. त्यामुळे दाते एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, मोठ्या दाबाखाली घासत जातात. साध्या तेलाचा थर तेथे फाटतो. म्हणून या तेलात गंधक आणि फॉस्फरस यांची संयुगे मिसळतात. दात्यांच्या टोकाशी उष्णता वाढली की ही संयुगे लोखंडाशी संयोग पावून एक पातळ थर तयार करतात, आणि धातूऐवजी तो थर झिजतो. गिअर ऑईलचा डबा उघडताच जो उग्र दर्प नाकात शिरतो तो या गंधकाचा. दंतचक्रांची मागणी अशी की घर्षण होईल तितके कमी व्हावे. चकत्यांचे जीवनच घर्षणावर आहे. दोघांना एकाच भांड्यातून वाढावयाचे आहे!

चकत्यांना घर्षण हवे हे खरे. परंतु ते कोणत्या जातीचे हवे याला महत्त्व आहे. जड ट्रंक फरशीवरून ढकलून पाहावी. प्रथम ती हलत नाही, मग एकदम सुटते आणि पुन्हा अडते. स्थिर वस्तूला हलविताना लागणारे घर्षण चालत्या वस्तूच्या घर्षणाहून अधिक असते, म्हणून हे धक्के बसतात. सारंगियाला हेच हवे असते. गजाला राळ लावून तो तारेला असे धरतो-सोडतो की त्यातून स्वर निघतो. डिफरन्शियलच्या चकत्यांनी असे केले तर निघतो तो स्वर ऐकण्यासारखा नसतो. गल्लीच्या कोपऱ्यावर गाडी सावकाश वळताना मागून खडखड, थरथर, कधी गुरगुर ऐकू येते. त्याला कारागीर ‘चॅटर’ म्हणतात. तो आवाज म्हणजे चकत्या अडत-सुटत चालल्याची खूण होय. तशाच चालू दिल्या तर त्या तापतात, त्यांचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत होतो, आणि मग कोणतेही तेल त्यांना वाचवू शकत नाही.

यावरचा उपाय म्हणून जे द्रव्य तेलात मिसळतात त्याला ‘फ्रिक्शन मॉडिफायर’ असे नाव आहे. मराठीत त्याला घर्षण-नियामक म्हणावयास हरकत नसावी. याचे रेणू लांबट असतात. एक टोक धातूला चिकटते आणि उरलेली शेपटी बाहेर राहते, आणि असे असंख्य रेणू मिळून चकतीवर गालिच्याच्या लवेसारखा थर बसतो. चकत्या सावकाश सरकत असताना या लवेमुळे घर्षण कमी राहते, आणि सरकण्याचा वेग वाढला की ते वाढते. राळेच्या अगदी उलट गुण. त्यामुळे हळू वळणावर चकत्या निमूट सरकतात, आणि एक चाक उधळले की धरतात. एके काळी या कामासाठी स्पर्म जातीच्या देवमाशाच्या तेलाइतके गुणकारी दुसरे काही मिळत नव्हते. १९७० नंतर अमेरिकेने देवमाशांच्या रक्षणासाठी त्याचा व्यापार बंद केला, आणि रसायनशास्त्रज्ञांना पर्याय शोधावे लागले. मोटारीच्या चकत्यांनी गप्प राहावे म्हणून समुद्रात देवमासे मारले जात होते, ही गोष्ट आज ऐकताना विलक्षण वाटते.

या द्रव्याचे प्रमाण मात्र औषधासारखे सांभाळावे लागते. अमेरिकन मोटारींत रूढ प्रमाण ४ औंस, म्हणजे सुमारे १२० मिलिलिटर. कमी पडले तर खडखड राहते. अधिक झाले तर चकत्या इतक्या मवाळ होतात की धरावयाच्या वेळीही धरत नाहीत, आणि पैसे मोजून घेतलेला आस साध्या आसासारखा वागू लागतो. दुसरा दोष पहिल्यापेक्षा वाईट मानावा, कारण तो बोलत नाही. बंगळूरच्या डांबरी रस्त्यावर तो कधीच कळणार नाही. गाडी पावसाळ्यात कोडगूच्या किंवा चिक्कमगळूरच्या कॉफीच्या मळ्यात चढणीवर उभी राहील, एक चाक लाल चिखलात फिरू लागेल, तेव्हा कळेल. उलटपक्षी नियामकाचा थेंबही नसलेल्या, अडलेल्या चकत्यांचा आस दोन्ही चाकांना एकत्र बांधल्यासारखा वागतो, आणि ओल्या वळणावर मागची बाजू एकाएकी बाहेर सरकते.

‘नव्वद नंबर’ या उत्तराचा अपुरेपणा आता ध्यानात येईल. हा आकडा केवळ तेलाचा दाटपणा सांगतो. इंजिनाच्या तेलाची मोजपट्टी वेगळी असल्यामुळे त्याविषयी गैरसमजही आहे. गिअरचे ९० नंबरचे तेल इंजिनाच्या ४० किंवा ५० नंबरच्या तेलाइतकेच दाट असते. डब्यावर ८०डब्ल्यू-९० असे असेल तर पहिला भाग थंडीतील वागणूक दाखवितो. ८०डब्ल्यू तेल उणे २६ अंशांपर्यंत आणि ७५डब्ल्यू उणे ४० अंशांपर्यंत वाहते राहावे असा नियम आहे. बंगळूरला आजवरचे नीचांकी तापमान ७.८ अंश नोंदले गेले, तेही १८८४ च्या जानेवारीत. तेव्हा लडाखला जाणाऱ्याने या पहिल्या आकड्याची चिंता करावी; शिवाजीनगरात तिचे कारण नाही. येथे महत्त्वाचा दुसरा आकडा, कारण ओझे ओढून तापलेल्या आसात तेलाने दाट राहिले पाहिजे. कृत्रिम, म्हणजे सिंथेटिक, तेल महाग असते, पण या बाबतीत ते खरोखर सरस ठरते.

दाटपणाखालोखाल पाहावयाचे ते जीएल-४ आणि जीएल-५ हे शब्द. हायपॉइड आसाला जीएल-५ लागते. परंतु तेच तेल जुन्या पद्धतीच्या गिअरबॉक्समध्ये ओतणे धोक्याचे, कारण त्यातील गंधकयुक्त द्रव्ये पितळी भागांना मानवतीलच असे नाही. आणि ज्या मोटारींत गिअरबॉक्स व डिफरन्शियल एकाच पेटीत, एकाच तेलावर चालतात, त्यांत तर कारखान्याने सांगितलेल्या तेलावाचून काहीच घालू नये. चकत्यांसाठी घातलेला नियामक गिअर बदलताना लागणारे घर्षणही हिरावून घेतो. तिसरी खूण ‘एलएस’ या अक्षरांची. ती असतील तर नियामक त्या तेलात आधीच मिसळलेला आहे, वरून आणखी बाटली ओतण्याची गरज नाही. पुष्कळ जण दोन्ही घालतात, आणि मग आस चिखलात का धरत नाही म्हणून कारागिराला दोष देतात.

आता मूळ प्रश्नाकडे वळले पाहिजे. गुजरीतून आलेल्या आसाबरोबर त्याचे पुस्तक येत नाही. लिमिटेड स्लिप म्हणून विकला जाणारा आस नेमका कोणत्या जातीचा आहे हे विक्रेत्यालाही ठाऊक असेलच असे नाही. टॉर्सन नावाचा प्रकार केवळ दंतचक्रांवर चालतो. त्यात चकत्यांची चवड नसल्याने नियामक सहसा लागत नाही. काही प्रकारांत दाट सिलिकोन द्रव बंद डब्यात भरलेला असतो, त्याला बाहेरच्या तेलाशी कर्तव्य नाही. महिंद्राच्या २०२० साली आलेल्या नव्या थारच्या काही प्रकारांत मेकॅनिकल लॉकिंग डिफरन्शियल आहे. या जातीच्या यंत्रात दोन चाकांच्या गतीत मिनिटाला सुमारे शंभर फेऱ्यांचा फरक पडला की लहान वजने बाहेर फेकली जाऊन कुलूप बसते, आणि गाडीचा वेग ताशी सुमारे तीस किलोमीटरांपुढे असेल तर ते बसत नाही. अशा आसात कारखान्याने वर्ज्य सांगितलेला नियामक घालणे म्हणजे कुलपात मेण ओतणे. म्हणून तेलाच्या दुकानात जाण्यापूर्वी आसाची ओळख पटविली पाहिजे.

त्याची एक सोपी परीक्षा कारागीर जाणतात. पुढच्या चाकांना लाकडी ठोकळे लावून मागची दोन्ही चाके उचलावी, आणि गाडी नुसत्या जॅकवर न ठेवता भक्कम स्टँडवर टेकवावी. गिअर मोकळा ठेवून एक चाक हाताने फिरवावे. दुसरे चाक उलट फिरले तर आस बहुधा साधा. त्याच दिशेने फिरले तर आत चकत्या आहेत आणि त्या धरत आहेत. ही परीक्षा पूर्ण विश्वसनीय मात्र नव्हे. झिजलेल्या चकत्या, टॉर्सन आणि वर सांगितलेले कुलूपवाले यंत्र, ही सर्व या परीक्षेत साध्या आसासारखी वागू शकतात. आसावर पत्र्याची किंवा धातूची चिठ्ठी राहिली असेल तर ती घासून वाचावी. नसेल तर झाकण उघडून पाहण्याखेरीज मार्ग नाही, आणि जुन्या मालाच्या बाबतीत तो खर्च वाचवू नये. येथे एक सावधगिरी सांगणे अवश्य आहे. असा आस असलेल्या गाडीचे एकच चाक उचलून, गिअर टाकून इंजिन कधीही चालू करू नये. साध्या आसात उचललेले चाक नुसते फिरते. येथे जमिनीवरचे चाकही जोर घेते आणि गाडी जॅकवरून उडी मारून खाली काम करणाऱ्यावर येऊ शकते.

जुने तेल काढताना ते काय सांगते तेही वाचावे. गाडी थोडी फिरवून तेल कोमट करावे, आणि खालचे बूच काढण्यापूर्वी वरचे, भरण्याचे, बूच उघडते की नाही ते पाहावे. तेल काढून टाकल्यावर वरचे बूच गंजून बसलेले आढळले तर गाडी जागेवरच अडकते. चुंबकी बुचावर करड्या रंगाचा मऊ लेप असेल तर ती नेहमीची झीज. हाताला टोचणारे तुकडे आढळले तर दात्यांकडे पाहावे. तेल काळेभोर आणि जळका वास असेल तर चकत्या तापल्या असे समजावे. तेल नेहमीपेक्षा फारच दाट वाटले तर विक्रेत्याचा हेतू तपासावा. घरघरणारा आस विकताना १४० नंबरचे तेल भरून त्याचा आवाज दडपणे ही जुनी युक्ती आहे, आणि पूर्वी काही देशांत या कामासाठी लाकडाचा भुसासुद्धा पेटीत कोंबला जात असे.

मागच्या दोन टायरांकडेही पाहावे लागते, जरी त्यांचा तेलाशी संबंध दिसत नाही. एक नवे आणि एक झिजलेले टायर घालून पैसे वाचविणे येथे नेहमीचे. पण घेर वेगळा असल्याने सरळ रस्त्यावरही दोन चाके सारख्या फेऱ्या करीत नाहीत आणि चकत्या मैलोगणती घासत राहतात. अशा गाडीत उत्तमोत्तम तेलही लवकर मरते, आणि दोष तेलावर येतो.

भरताना नियामक आधी आणि तेल मागून घालावे, म्हणजे पेटी भरल्यावर त्याला जागा उरली नाही असे होत नाही. गाडी सपाटीवर असावी, आणि भरण्याच्या भोकाच्या खालच्या काठाशी तेल आले की थांबावे. मग मोकळे मैदान पाहून सावकाश इंग्रजी आठच्या आकाराच्या आठ-दहा फेऱ्या घ्याव्या, म्हणजे नवे तेल चकत्यांच्या फटींत शिरते. पहिल्या काही फेऱ्यांत खडखड झाली तरी घाबरू नये. दहाव्या फेरीनंतरही ती राहिली तर कारखान्याने नियामकाची शिफारस केली आहे याची खात्री करून तो थोडा थोडा वाढवावा. त्याने आवाज थांबला नाही तर बाटली बाजूला ठेवून चकत्या बदलाव्या, कारण आता प्रश्न तेलाचा उरलेला नाही.

काढलेले काळे तेल गल्लीच्या गटारात सोडण्याची रीत अनेक शहरांत आहे. २०१६ च्या नियमांप्रमाणे ते घातक कचऱ्यात मोडते. बंद डब्यात साठवून ते मान्यताप्राप्त पुनःप्रक्रिया करणाऱ्याकडे द्यावे लागते, आणि त्याचे पैसेही मिळतात. डब्यावर गाडीचा क्रमांक, तेलाचा प्रकार, नियामकाचे प्रमाण आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी आसालाच तारेने बांधून ठेवणारे काही कारागीर असतात. तो आस पुढे कधी पुन्हा गुजरीत आला तर निदान त्याच्या पोटात काय आहे हे तरी वाचता येते.